प्लॅटी-स्वोर्डटेलच्या पिल्लांना काळ्या गाठी, आणि लेकीचा प्रश्न: हे मासे एकमेकांचे कोण?

परळची_मीना (शनिवार, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. घरात चार वर्षांपासून दोन फुटी टाकी आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळून आणलेली एक लाल प्लॅटी मादी होती, पाठीवरच्या परावर काळे ठिपके असलेली. तिच्यासोबत एक हिरवा स्वोर्डटेल नर. दोघांची पिल्लं झाली. बाकीची महिन्याभराची असतानाच शेजाऱ्यांना दिली, एक मादी ठेवली. तिच्या पाठीचा पर आईपेक्षा कितीतरी जास्त काळा निघाला. आम्हाला वाटलं, छान रंग आलाय.

आता ही मादी त्याच हिरव्या नरापासून व्यायली. पिल्लं तीन महिन्यांची झाली आहेत. त्यातल्या काहींच्या पाठीवर काळा जाड थर आलाय आणि एकाला तर पराच्या मुळाशी चक्क गाठ आहे, मसुराएवढी. दुकानदार म्हणाला फंगस आहे, मीठ टाका. आठवडाभर टाकलं. ढिम्म फरक नाही.

लेक यंदा दहावीला. विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. तिने विचारलं, ‘आई, प्लॅटी आणि स्वोर्डटेल वेगळ्या जाती आहेत ना? मग त्यांना पिल्लं कशी झाली, आणि त्या पिल्लांना पिल्लं कशी?’ मग विचारलं की गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांचे जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण मजकूर, शेजारी ठेवले तर किती सारखे दिसतील. मला उत्तर देता येईना.

तर प्रश्न दोन. हा आजार कसला? आणि हे चौघं एकमेकांचे नेमके कोण?

भाऊ_चाळ

मुलगी दहावीत आणि मासे थेट बारावीच्या प्रॅक्टिकलला बसलेत! जागा धरून ठेवतो, जाणकार येतीलच.

खारफुटी

मीनाताई, मीठ थांबवा. बुरशी असती तर कापसासारखी पांढरी लव दिसली असती. काळा रंग म्हणजे बुरशी नव्हे. दोन गोष्टी सांगा. पाण्यातला अमोनिया तपासलात का? अमोनियाने कातडी भाजली की भरून येताना तिथे काळं पडतं, माझ्या गोल्डफिशला झालं होतं. आणि काळेपणा सगळ्या माशांना आहे की फक्त या पिल्लांना?

परळची_मीना

@खारफुटी, अमोनियाची पट्टी लावली, शून्य. बाकी टेट्रा, कोरीडोरास ठणठणीत. फक्त या एका वेतातल्या पिल्लांनाच, आणि त्यातही सगळ्यांना नाही. लेकीने मोजलं. १८ पिल्लं आहेत. ९ एकदम साधी, काळा ठिपका नाही. ५ जणांचा पाठीचा पर काळा, त्यांच्या आईसारखा. ४ जणांना जाड थर किंवा गाठ.

निशिगंध

बिचारी पिल्लं. खातायत का नीट?

परळची_मीना

हो, खायला सगळ्यात पुढे तीच.

वडाळ्याचे_मास्तर (रविवार, सकाळी ७.०५)

मीनाताई, तुमच्या मुलीने केलेली मोजणी वाचून मी चहा तसाच ठेवून लिहायला बसलो आहे. एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. हा संकर मी दरवर्षी फळ्यावर काढायचो, तो कुणाच्या दिवाणखान्यात झालेला पहिल्यांदा पाहतोय.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस दोन माणसांनी एकमेकांशी संबंध नसताना हेच पाहिलं: अमेरिकेत मायरन गॉर्डन, जर्मनीत कुर्ट कॉसविग. ठिपकेवाली प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांचा संकर केला की पिल्लांचे ठिपके गडद होतात. त्या पिल्लाचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर केला की पुढच्या पिढीत साधारण चौथा हिस्सा पिल्लांना मेलॅनोमा होतो. म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. कर्करोग आनुवंशिक असू शकतो याचा हा फार जुना आणि फार स्वच्छ पुरावा. (कॉसविग पुढे नाझी राजवट सोडून १९३७ मध्ये इस्तंबूलला गेले आणि तिथे त्यांनी प्राणिशास्त्राची पिढी घडवली. गॉर्डनने जमवलेले माशांचे वाण आजही टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला जपले जातात.)

आता कारण. मुलीला वहीत चौकट काढायला सांगा.

प्लॅटीच्या एक्स गुणसूत्रावर ठिपक्यांच्या जनुकाला लागूनच एक्सएमआरके नावाचं जनुक आहे. पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणाऱ्या ईजीएफआर या जनुकाची ती जास्तीची प्रत. मूळ जनुक निरोप आला तरच बोलतं, ही प्रत निरोपाशिवायही बोलत राहते. प्लॅटीत हे चालून जातं, कारण दुसऱ्या एका गुणसूत्रावर तिला आवर घालणारं जनुक आहे. त्याला आपण लगाम म्हणू. प्लॅटीत घोडाही आहे आणि लगामही, म्हणून नुसते ठिपके. स्वोर्डटेलमध्ये हा घोडा नाही आणि लगामही नाही. तोही सुखी.

तुमच्या घरात राहिलेल्या मादीला आईकडून घोड्याची एक प्रत आणि लगामाची एक प्रत मिळाली. बापाकडून दोन्हीपैकी काही नाही. अर्धाच लगाम, म्हणून पर जास्त काळा. तिचा संकर पुन्हा स्वोर्डटेलशी झाला. पिल्लांपैकी निम्म्यांना घोडाच मिळणार नाही: साधी. चौथ्या हिश्श्याला घोडा आणि लगाम: आईसारखी काळी. चौथ्या हिश्श्याला घोडा मिळणार पण लगाम नाही: गाठ.

१८ ची वाटणी करा. अपेक्षा ९, साडेचार, साडेचार. तुमच्या मुलीचे आकडे ९, ५, ४.

अठरा पिल्लांवरून सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, आणि बाजारातले मासे आधीच मिश्र असतात. पण मी पैज लावली असती.

भाऊ_चाळ

अंगावर काटा आला सर.

तेजू

मास्तर, एक शंका. मीनाताईंनी प्लॅटी आणली तेव्हा ती दुकानातल्या प्लॅटी नरापासूनच गाभण नव्हती कशावरून? या माद्या वीर्य साठवून ठेवतात. माझी गप्पी मादी एकटी ठेवूनही पाच महिने विणत होती.

वडाळ्याचे_मास्तर

उत्तम शंका, मला विचारायला हवी होती. ताई, शेजाऱ्यांकडे दिलेल्या भावंडांपैकी नरांच्या शेपटीला तलवार आली का, बघता येईल?

परळची_मीना

आत्ता समोर जाऊन आले. दोन नर आहेत, दोघांनाही तलवार आहे पण आखूड, बापाच्या निम्मीही नाही. काकू म्हणाल्या, ‘आम्हाला वाटलं तुटली.’

वडाळ्याचे_मास्तर

तुटलेली नाही. संकरित नरांची अशीच असते. तेजू, समाधान?

तेजू

शंभर टक्के.

शंकासुर

मला एक पटत नाही. कर्करोग करणारं जनुक निसर्ग लाखो वर्षं का सांभाळेल? ज्या माशात ते असेल तो मरेल, जनुक संपेल. साधा हिशेब आहे. संकराचा दोष जनुकावर ढकलताय असं वाटतं.

खारफुटी

@शंकासुर, मास्तरांनी तेच तर सांगितलं ना, स्वतःच्या घरात ते जनुक मारत नाही. मारलं तरी म्हातारपणी, पिल्लं होऊन गेल्यावर.

शिवाय फायदाही असू शकतो. याच कुळात कॉर्टेझी नावाचा स्वोर्डटेल आहे. त्याच्या शेपटीवरचा काळा डाग याच जनुकाशी जोडलेला. काही ठिकाणच्या माद्या मोठ्या डागाचा नर पसंत करतात, असं २००८ मध्ये दाखवलं गेलं. मादीला डाग आवडतो, म्हणून जनुक टिकतं. पुढे त्याच डागाची गाठ झाली तरी तोवर त्याची पोरं नदीत पोहत असतात.

शंकासुर

मादीच्या आवडीचा मुद्दा लक्षात आला नव्हता. हा मुद्दा मान्य. पण संकराचं काय? हे सगळं काचेच्या टाकीत माणसाने घडवलेलं आहे. नदीत कोण प्लॅटी आणि स्वोर्डटेलचं लग्न लावतो?

वडाळ्याचे_मास्तर

नदी स्वतःच लावते, शंकासुर. मेक्सिकोच्या हिदाल्गो भागात बर्चमनी आणि मॅलिंची या दोन स्वोर्डटेल जाती आहेत. एक डोंगरातल्या थंड पाण्यातली, एक खालच्या उबदार पाण्यातली. मधल्या पट्ट्यात त्यांचे संकर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्या संकरित माशांचे जीनोम वाचून २०२० मध्ये दाखवलं गेलं की तिथेही मेलॅनोमा होतो, आणि तिथेही घोडा हाच, एक्सएमआरके. फक्त ज्याच्याशी त्याची जोडी बिघडते ते जनुक वेगळं निघालं, त्याचं नाव सीडी९७. एकच घोडा आणि दोन वेगळे बिघाड. एका जातीच्या जोडीवरून दुसरीचं गणित गृहीत धरू नये, हे मला त्या कामातून कळलं.

आणि हे संकर वाढण्यामागचं एक कारण वाचून तुम्हाला आपली मिठी नदी आठवेल. बर्चमनी मादी आपल्या जातीचा नर वासावरून ओळखते. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तिला तो फरक ओळखता येत नाही. स्वच्छ पाण्यात ठेवलं की पुन्हा येतो.

निशिगंध

हे फार अस्वस्थ करणारं आहे. घाणीने मासे मरतात एवढंच माहीत होतं. आपलं माणूस कोण हेच कळेनासं होतं, हे नव्हतं माहीत.

बोरीवली_फास्ट

वाचतोय. लोकलमध्ये उभ्याने. अंधेरी कधी गेलं कळलं नाही.

सुलभा_ग (रविवार, दुपारी २.३०)

मी इथे सहसा नुसती वाचते. आज लिहिते आहे.

मास्तरांनी ईजीएफआर लिहिलं आणि थांबले. माझ्या आईच्या फुफ्फुसाच्या रिपोर्टवर हेच अक्षर होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, या जनुकात बदल सापडलाय म्हणजे गोळी लागू पडेल. ती लागू पडली, आईला तीन वर्षं जास्त मिळाली. त्या काळात मी हा शब्द शेकडो वेळा वाचला. आज तो एका माशाच्या गोष्टीत भेटेल असं वाटलं नव्हतं. सर, हे तेच आहे का?

वडाळ्याचे_मास्तर

सुलभाताई, हो. तेच घराणं. माशातली प्रत आणि माणसातलं जनुक एकाच मूळ जनुकाचे वंशज आहेत, आणि बिघाडाचा प्रकारही त्याच जातकुळीचा: निरोपाशिवाय बोलत राहणं. आईंना तीन वर्षं मिळाली याचा फार आनंद वाटला.

परळची_मीना

सुलभाताई, तुमचं पोस्ट लेकीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ टाकीसमोर बसली होती.

मत्स्यगंधा_वसई (रविवार, सायंकाळी ६.१५)

पहिला प्रश्न सुटला म्हणायचा. दुसऱ्याकडे कुणी वळलंच नाही, तर मी घेते. मी पिल्लं देणारे मासेच वाढवते, वीस वर्षं झाली.

चौघं एका कुळातले, पीसिलिडी. त्यात घरं दोन. गप्पी आणि मॉली एका घरातले, दोघांचं आडनाव पीसिलिया. प्लॅटी आणि स्वोर्डटेल दुसऱ्या घरातले, आडनाव झिफोफोरस. म्हणून प्लॅटी-स्वोर्डटेलची पिल्लं सहज होतात आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. बाजारातला लाल स्वोर्डटेल हा कधी काळी प्लॅटीचा रंग उचललेला आहे. गप्पी आणि मॉलीचं आडनाव एक असलं तरी नातं दूरचं. क्वचित पिल्लं होतात, पण ती सहसा वांझ. आणि गप्पी-प्लॅटीची पिल्लं म्हणून कुणी काही विकत असेल तर पैसे देऊ नका.

म्हणजे मुलीला ‘वेगळी जात असली की पिल्लं होत नाहीत’ हे पुस्तकी वाक्य जरा सैल करून सांगा.

तेजू

जीनोमच्या बाजूने मी भर घालते, मी याच विषयात एमएस्सी करतेय, कालिनाला.

प्लॅटीचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, गप्पीचा २०१६ मध्ये. दोन्ही साधारण ७० कोटी अक्षरांचे. माणसाचा ३०० कोटींच्या वर. जनुकं मात्र वीस-बावीस हजारांच्या घरात, आपल्याइतकीच. मीनाताईंच्या लेकीने विचारलं तसे हे दोन शेजारी ठेवले तर गुणसूत्रामागून गुणसूत्र जुळत जातं, जनुकांची रांगसुद्धा बरीचशी तशीच.

पण मोजायला गेलं तर प्लॅटीच्या २४ जोड्या आणि गप्पीच्या २३. एक जोडी गेली कुठे? गेली नाही. प्लॅटीत जी दोन वेगळी गुणसूत्रं आहेत ती गप्पीत टोकाला टोक जुळून एकच झाली आहेत, गप्पीचं २ नंबरचं. मजकूर तोच, दोन खंड एकत्र बांधलेत. मॉलीच्याही २३ जोड्या.

मला स्वतःला सर्वात जास्त ओढ आहे ती १२ नंबरच्या गुणसूत्राची. गप्पीत नर-मादी त्यावर ठरतं. गप्पीचे एक्स आणि वाय अजून इतके सारखे आहेत की फरक शोधायला कष्ट पडतात. आणि त्याच घरातला एक भाऊ आहे, पीसिलिया पिक्टा. त्याचं लिंगगुणसूत्रही तेच, १२. पण त्याचा वाय इतका झिजलाय की त्यावरची बहुतेक जनुकं निकामी, आणि भरपाई म्हणून नराचा एकुलता एक्स दुप्पट काम करतो. हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. एकाच पूर्वजाकडून आलेलं एकच गुणसूत्र एका भावाकडे जवळजवळ अखंड राहिलं आणि दुसऱ्याकडे झिजून गेलं. का, यावर अजून भांडणं चालू आहेत. ते उत्तर शोधायला मला आयुष्य द्यायला आवडेल.

वडाळ्याचे_मास्तर

तेजू, शाबास. गप्पीच्या वायबद्दल एक जुनी गोष्ट मुलीसाठी जोडतो. गप्पी नराचा काही रंग बापाकडून थेट मुलाकडे जातो, मुलीकडे कधीच नाही, हे डेन्मार्कमध्ये योहानेस श्मिट आणि ऑयविंड विंगे यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. वाय गुणसूत्रावर दिसणारा गुण असतो हे ज्या प्राण्यांमुळे सर्वांत आधी कळलं, त्यात हा आपल्या विहिरीतला मासा आहे.

भाऊ_चाळ

विहिरीतला म्हणालात म्हणून. आमच्या गिरगावच्या वाडीत विहीर होती. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक डब्यात गप्पी घेऊन यायचे आणि विहिरीत सोडायचे. डबा रिकामा होईपर्यंत आम्ही पोरं कठड्याला लटकलेली. भिंतींवर रंगवलेलं असायचं, ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. मला कित्येक वर्षं वाटायचं की हे मासे गप्पा मारतात म्हणून गप्पी. विहिरीत कान लावून ऐकलंय मी.

मत्स्यगंधा_वसई

😊 नाव आलंय ते त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी या माणसावरून. त्याने मासे लंडनला पाठवले, तिथे १८६६ मध्ये त्याचं नाव माशाला दिलं. पण त्याआधी १८५९ मध्येच पीटर्स नावाच्या जर्मनाने तो मासा नोंदवला होता, म्हणून शास्त्रीय नाव पीटर्सचं राहिलं आणि लोकांच्या तोंडी गप्पी.

बोरीवली_फास्ट

म्हणजे आपल्या गटारात दिसणारे ते बारके मासे, ते गप्पीच ना? इतक्या घाण पाण्यात जगतात म्हणजे त्यांचा जीनोम मुंबईत बदलला असणार.

तेजू

गप्पी असू शकतात, गॅम्बुसियाही असू शकतात, तेही याच कुळातले. पण ‘असणार’ म्हणायला वाचून बघावं लागेल. मुळातच हे मासे कमी प्राणवायूत पृष्ठभागाशी तोंड लावून तग धरतात.

असं होऊ शकतं याचं उदाहरण मात्र आहे. मेक्सिकोत ताबास्कोच्या डोंगरांत गंधकाचे झरे आहेत. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड, इतर मासे काही मिनिटांत मरतील एवढा. तिथे मेक्सिकन मॉली राहते. तो वायू पेशीतलं श्वसन जिथे बंद पाडतो, नेमक्या त्याच जागच्या जनुकांत आणि विष निष्प्रभ करणाऱ्या जनुकांच्या कामात बदल सापडतो. वेगवेगळ्या झऱ्यांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माशांत पुन्हा पुन्हा तेच बदल.

शंकासुर

कुणीतरी मुंबईच्या नाल्यांतल्या माशांचा जीनोम वाचायला हवा. हे मनापासून म्हणतोय.

तेजू

मीही मनापासून वाचलं. 🙏

निशिगंध

सगळ्या बायकाच असलेला एक मासा असतो म्हणे? कुठेतरी ऐकलंय.

मत्स्यगंधा_वसई

ॲमेझॉन मॉली. नदीचा संबंध नाही, ग्रीक कथांतल्या लढवय्या स्त्रियांवरून नाव. राहते टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोत. सगळ्या माद्या. नर नाहीतच.

भाऊ_चाळ

महिला मंडळ! हळदीकुंकू रोज.

मत्स्यगंधा_वसई

मंडळाला बाहेरचा पाहुणा मात्र लागतो भाऊ. शेजारच्या जातीच्या नराशी मीलन होतं, त्याच्या शुक्राणूने अंडं फक्त जागं होतं. त्याचं एकही जनुक पिल्लात जात नाही. पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब प्रत. १९३२ मध्ये हे कळलं तेव्हा कण्याच्या प्राण्यांत असं पहिलंच उदाहरण होतं.

तेजू

आणि तिचा जीनोम वाचला २०१८ मध्ये. अपेक्षा होती की लैंगिक देवाणघेवाण नाही म्हणजे चुका साठत साठत जीनोम मोडकळीला आलेला असेल. तसं सापडलं नाही. सुमारे १ लाख वर्षांपूर्वी मेक्सिकन मॉलीची मादी आणि सेलफिन मॉलीचा नर यांचा संकर झाला, आणि प्रत्येक मासोळीत ते दोन्ही जीनोम आजही जवळजवळ जसेच्या तसे शेजारी शेजारी आहेत.

मीनाताई, हे मुद्दाम लिहिते. तुमच्या टाकीतही संकर आणि हाही संकर. तुमच्याकडे दोन जातींची जनुकं पुढच्या पिढीत वेगळी वाटली गेली, घोडा एकाकडे आणि लगाम दुसऱ्याकडे. हिने वाटणीच होऊ दिली नाही. जी जोडी पहिल्या दिवशी जमली तीच १ लाख वर्षं चालवली.

सुलभा_ग

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसले.

खारफुटी

तलवारीचं राहिलं. प्लॅटीला तलवार नसते, तरी १९९० मध्ये अलेक्झांड्रा बसोलो या संशोधिकेने प्लॅटी नरांना प्लास्टिकची तलवार जोडून पाहिली. प्लॅटी माद्यांनी तलवारवाल्यालाच पसंती दिली! आधी वाटलं, आवड आधी होती, तलवार नंतर आली. पुढे जीनोम जुळवल्यावर असंही दिसतं की या घराच्या पूर्वजालाच तलवार असावी आणि प्लॅटीने ती गमावली. तसं असेल तर प्लॅटी मादीला आजही पणजोबांची तलवार आवडते.

मीनाताई, एक विनंती. ही पिल्लं जास्त झाली म्हणून तलावात, विहिरीत, नाल्यात सोडू नका. या कुळातल्या माशांनी बाहेर गेल्यावर स्थानिक माशांचं फार नुकसान केलंय. आपल्याकडे डोक्यावर चंदेरी टिकला असलेला छोटा मासा आहे, तोही डासांच्या अळ्या खातो, त्याची जागा हे घेतात.

परळची_मीना (सोमवार, रात्री ९.४८)

सोडणार नाही, शब्द देते.

सगळ्यांचे आभार कसे मानू? लेकीने वहीत चौकट काढली, घोडा आणि लगाम चित्रासकट. आज शाळेत बाईंना दाखवली, बाईंनी ती वर्गात फळ्यावर काढायला लावली.

आता थोडे प्रश्न. गाठवाल्या चौघांचं काय करायचं? संसर्ग आहे का? आणि त्यांची आई अजून त्याच नरासोबत आहे, तिला वेगळं करू?

वडाळ्याचे_मास्तर

संसर्ग नाही, बाकीच्या माशांना काही धोका नाही. गाठवाल्यांना उपाय नाही, मीठ आणि औषधं दोन्ही बंद करा. खातात, पोहतात तोवर राहू द्या. ज्याची गाठ वाढून पोहणं अवघड होईल त्याला त्रासात ठेवू नका, माशांच्या डॉक्टरांशी बोला.

आईला जरूर वेगळं करा. पण तेजूने वर लिहिलंय ते लक्षात ठेवा: वेगळी केली तरी साठवलेल्या वीर्यावर ती काही महिने विणत राहील, आणि त्या वेतांची वाटणीही हीच असेल. साध्या नऊ पिल्लांत घोडाच नाही, त्यांची आपसातली पुढची प्रजा निर्धास्त वाढवा.

मुलीला एक विचारा. जर ही मादी स्वोर्डटेलऐवजी शुद्ध प्लॅटी नराला दिली असती, तर १८ पैकी किती पिल्लांना गाठ आली असती? घाई नको म्हणावं.

परळची_मीना (मंगळवार, सकाळी ६.५५)

मास्तर, उत्तर रात्रीच आलं: ‘एकालाही नाही, कारण प्लॅटी बाप प्रत्येकाला लगामाची एक प्रत देणारच.’ बरोबर?

वडाळ्याचे_मास्तर

बरोबर. तिला माझ्याकडून पेढा.

परळची_मीना (शनिवार, सकाळी ७.२०)

आईला बुधवारी वेगळ्या टाकीत ठेवलं होतं. आज सकाळी तिथे ११ पिल्लं. सगळी पारदर्शक, कुणाचं काय हे अजून काही कळत नाही. लेकीने वहीत नवीन पान काढून तारीख टाकलीये आणि तीन रकाने आखून ठेवलेत.